नावेचे नाव : ‘डिंगी’ हा इंग्रजी शब्द मूळचा कोठला?

मध्यंतरी शेवगावकडील एका मासळीच्या व्यापाऱ्याने आम्हांला एक दरपत्रक आणून दाखविले. नाथसागराच्या फुगवट्यावर मासेमारी करणाऱ्या मंडळींकडून हे गृहस्थ माल उचलतात. ही मंडळी थर्माकोलच्या चप्पूवर बसून जाळी टाकतात. वारा सुटला की जीव मुठीत धरावा लागतो. त्यांच्यासाठी एखादी बरी होडी उधारीवर घेऊन द्यावी, असा या व्यापारी बांधवांचा विचार होता. दरपत्रकावर मालाचे नाव होते ‘इन्फ्लेटेबल डिंगी’. विक्रेत्याच्या माणसाने त्यांना सांगितले होते, “ही विलायती वस्तू आहे. नावावरूनच कळते. भावात घासाघीस चालणार नाही.”

आमच्यासमोर कागद ठेवून त्यांनी विचारले, “भाई, ही डिंगी म्हणजे नेमके काय? आणि हे नाव कोणत्या मुलखाचे?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. डिंगी म्हणजे लहान होडी. ‘इन्फ्लेटेबल’ म्हणजे हवा भरून फुगविता येणारी. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकून मात्र ते चकित झाले. ‘डिंगी’ हा शब्द इंग्रजीत आपल्याच देशातून गेलेला आहे. नाव आपल्या देशाचे आणि त्या नावाच्या जोरावर भाव मात्र विलायती, असा हा प्रकार होता.

या घटनेवरून आम्हांला वाटले की, आमच्या व्यापारी व कारागीर वाचकांपुढे या शब्दाचा पुरता हिशेब मांडावा. शब्दाचे मूळ शोधणे हे केवळ पंडितांचे काम नव्हे. मालाची पारख करणाऱ्याला नावाचीही पारख असावी लागते.

नदीवरची होडी जहाजावर कशी चढली?

बंगालमध्ये नदी, खाडी आणि तळी यांचे जाळे आहे. तेथे मासेमारीसाठी आणि पलीकडच्या काठाला जाण्यासाठी जी लहान होडी वापरतात तिला ‘डिंगी’ म्हणतात. हिंदी मुलखात ‘डेंगी’, ‘डोंगी’ अशी रूपे आहेत. एक-दोन माणसे, एक वल्हे, जाळे आणि टोपली एवढे तिच्यात मावते. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे हुगळी नदीत येऊन नांगर टाकू लागली, तेव्हा जहाजापासून काठापर्यंत माणसे, भाजीपाला, मासळी व निरोप नेण्याआणण्याचे काम अशाच होड्या करीत.

हे इंग्रज व्यापारी आणि खलाशी तिला आपल्या भाषेतले एखादे नाव देऊ शकले असते. परंतु जो रोज समोर येतो, ज्याच्याशी रोज देणेघेणे पडते, त्याचे नाव त्याच्याच तोंडचे घेणे सोयीचे असते. बाजाराचा हा जुना नियम आहे. त्याप्रमाणे त्यांनी ‘डिंगी’ हाच शब्द उचलला. कॅप्टन टॉमस विल्यमसन यांनी कंपनीच्या नोकरीसाठी हिंदुस्थानात येणाऱ्या नवख्या इंग्रजांकरिता एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. तो १८१० साली प्रसिद्ध झाला. त्यात हा शब्द आलेला आहे. इंग्रजी कोशकारही या शब्दाच्या इंग्रजी वापराचा आरंभ त्याच वर्षापासून धरतात.

पुढे हा शब्द नदी सोडून समुद्रावर गेला. मोठ्या जहाजाबरोबर जी सर्वांत लहान होडी असते, तिला इंग्रज दर्यावर्दी ‘डिंगी’ म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धात विमान समुद्रात पडले तर जीव वाचविण्यासाठी वैमानिकांजवळ रबरी होडी असे, तिलाही हेच नाव मिळाले. आज शिडाच्या लहान होड्यांच्या शर्यती ऑलिंपिकमध्ये होतात, त्या होड्याही डिंगीच. पूर आल्यावर आपल्याकडे बचाव पथके जी हवेची होडी घेऊन येतात, तीही रबरी डिंगी. बंगालच्या कोळ्याची होडी जगभर फिरली. तिचे लाकूड गेले, घाट बदलला, मालक बदलला, पण नाव राहिले.

या शब्दाच्या इंग्रजी लेखनात ‘जी’ या अक्षरानंतर ‘एच’ येते. त्याचेही कारण समजून घ्यावे. इंग्रजीत ‘जी’चा उच्चार कधी ‘ग’ तर कधी ‘ज’ होतो. जुन्या लेखनात ‘एच’ नसे आणि तोच शब्द ‘डिंजी’ असा वाचला जाई. इंग्रजीत ‘डिंजी’ म्हणजे मळकट, कळकट. म्हणून ‘ग’ हा उच्चार पक्का राहावा यासाठी मध्ये ‘एच’ घातला. एका अक्षराने मालाचा अर्थ बदलतो, हे बिल लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

द्रोण, डोण आणि दोणी

आता आणखी मागे जाऊ. ‘डिंगी’ तरी कोठून आली? काही अभ्यासकांच्या मते तिचा संबंध संस्कृत ‘द्रोण’ या शब्दाशी असावा. द्रोण म्हणजे लाकूड कोरून केलेले खोलगट भांडे. ‘द्रु’ म्हणजे झाड किंवा लाकूड, त्यावरून हा शब्द. हे मत ‘असावा’ या पातळीवरचे आहे, पक्का निकाल नव्हे. परंतु द्रोणाचे घराणे मात्र मोठे आहे आणि ते आपल्या घरापर्यंत आलेले आहे.

लग्नाच्या पंगतीत पत्रावळीबरोबर आमटीसाठी पानांचा जो वाटीसारखा पात्र ठेवतात तो द्रोण. विहिरीच्या कडेला गुरांना पाणी पाजण्यासाठी दगडाची जी लांबट कुंडी असते ती डोण किंवा डोणी. संस्कृतात ‘द्रोणी’चा अर्थ कुंडी असाही आहे आणि होडी असाही आहे. कानडीत ‘दोणी’ म्हणजे होडी. तमिळमध्ये ‘तोणी’ म्हणजे होडी. मालदीव बेटांवर मासे पकडण्यासाठी जी होडी वापरतात तिचे नाव ‘दोणी’, आणि तो शब्दही इंग्रजीत गेलेला आहे.

एकच कल्पना सर्वत्र दिसते. झाडाचा बुंधा घ्या, आतून कोरा. त्यात पाणी ओतले तर ती डोण झाली आणि तीच पाण्यावर सोडली तर होडी झाली. सुताराच्या हातातील वाकस एकच, गिऱ्हाईक वेगळे. आपल्या ऊसपट्ट्यात गुळाची काहील पुराच्या वेळी माणसे ने-आण करण्यासाठी पाण्यात सोडतात, ते पाहिलेल्या माणसाला भांडे आणि होडी यांचे हे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

नावांची वही कोणी लिहिली?

हे सर्व आज आपण सांगू शकतो याचे एक मोठे कारण म्हणजे एक ग्रंथ. कर्नल हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी इंग्रजीत गेलेल्या हिंदी, फारसी, अरबी, मराठी, तमिळ इत्यादी शब्दांचा एक कोश तयार केला. यूल बंगालच्या इंजिनियर दलातले, तर बर्नेल मद्रासच्या मुलकी सेवेतले. कोश १८८६ साली प्रसिद्ध झाला. त्याची सुधारलेली आवृत्ती विल्यम क्रुक यांनी १९०३ साली काढली. ‘डिंगी’ या शब्दाची नोंद त्यात आहे.

या कोशाचे नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’. हे दोन इंग्रजांचे आडनाव वाटते, पण तसे नाही. मोहरमच्या मिरवणुकीत ‘या हसन! या हुसेन!’ असा जो पुकारा होतो, तो गोऱ्या शिपायांच्या कानी पडला आणि त्यांच्या तोंडी त्याचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाले. परका शब्द आपल्या ओळखीच्या शब्दाच्या साच्यात कसा बसविला जातो याचा हा नमुना म्हणून कोशकारांनी तेच नाव ग्रंथाला दिले. अहमदनगरच्या कोठल्यापासून निघणाऱ्या सवाऱ्या ज्यांनी लहानपणापासून पाहिल्या आहेत, अशा आमच्या वाचकांना हे वाचून नवल वाटेल. ज्या पुकाऱ्याचा अर्थ आपल्या घरातील मुलाला ठाऊक असतो, तोच पुकारा जगातील एका गाजलेल्या कोशाच्या पाठीवर ओळखू न येणाऱ्या रूपात छापलेला आहे.

मराठीचेही असेच झाले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ साली. गलबत, मचवा, तारू, होडी हे आपले शब्द अर्थासह नीट लिहून ठेवले ते एका इंग्रज अंमलदाराने, अर्थात येथील शास्त्रीमंडळींच्या मदतीने. होडी बांधणारा सुतार, शीड शिवणारा कारागीर, सुकाणू धरणारा खलाशी यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे शब्द वापरले, पण लिहिले नाहीत. वही दुसऱ्याने लिहिली. ज्याची वही त्याचा शब्द प्रमाण, हे व्यापारात जसे खरे तसेच येथेही खरे ठरले.

आपला जिल्हा आणि समुद्र

कोणी म्हणेल, अहमदनगर हा दुष्काळी, डोंगराळ जिल्हा. आज त्याचे सरकारी नाव अहिल्यानगर. समुद्र कोठे आणि आपण कोठे? होड्यांच्या नावांचा हा खटाटोप येथे कशाला?

परंतु इतिहासात पाहिले तर या शहराचा समुद्राशी जवळचा संबंध होता. मलिक अहमद यांनी १४९० मध्ये निजामशाहीचा पाया घातला. त्या राज्याचे मुख्य बंदर होते चौल, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात अलिबागजवळचे गाव. अरबस्तान व इराणकडून घोडे चौलला उतरत आणि घाट चढून देशावर येत. १५०८ साली चौलच्या खाडीत मिसरच्या मामलुक सुलतानाचे आरमार आणि पोर्तुगीज यांची लढाई झाली, तीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. पुढे १५२१ साली पोर्तुगीजांना तेथे किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली ती बुऱ्हाण निजामशहाकडून. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने त्याच किल्ल्याला वेढा घातला, पण तो हाती आला नाही. म्हणजे अहमदनगरच्या दरबारात गलबतांचा, जकातीचा व बंदराचा हिशेब नेहमीच चालत असला पाहिजे.

निजामशाहीच्या थोडे आधी, बहामनी अमलात, १४७० च्या सुमारास अफानासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी याच वाटेने आला. मस्कत व खंबायत या मार्गाने तो चौलला उतरला. बरोबर विकण्यासाठी एक घोडा होता. चौलहून घाट चढून तो जुन्नरला आला आणि पावसाळा त्याने तेथेच काढला. जुन्नर म्हणजे आपल्या अकोले-पारनेरच्या शेजारचे गाव. आपल्या प्रवासवर्णनात त्याने ज्या जहाजातून तो आला त्याचे नाव लिहून ठेवले आहे. ते नाव आहे ‘तावा’. अरबी समुद्रातील शिडाच्या जहाजांना इंग्रज ‘ढाऊ’ म्हणतात. त्या शब्दाच्या नोंदीखाली यूल आणि बर्नेल यांनी निकितीनचा हा ‘तावा’ जुना दाखला म्हणून दिलेला आहे.

एका घोडेव्यापाऱ्याने आपल्या वाहनाचे नाव लिहिले, म्हणून साडेपाचशे वर्षांनंतर आपल्याला एक दुवा सापडतो. त्याच वेळी चौलला शेकडो नाखवा, खलाशी, दलाल आणि हमाल असतील. त्यांना त्या जहाजाची दहा नावे ठाऊक असतील. त्यांच्यापैकी कोणाचीही वही आज आपल्या हातात नाही.

चार नावा, चार निकाल

सराफ सोने कसाला लावतो, कापडवाला सूत ओढून पाहतो. शब्दाचे मूळ ठरविण्याच्याही कसोट्या आहेत. आम्ही त्या चार सांगतो. पहिली : ती वस्तू त्या मुलखात खरोखर होती काय? दुसरी : लेखी दाखला केव्हाचा आहे? तिसरी : शेजारच्या भाषा साक्ष देतात काय? चौथी : शब्द देणारा आणि घेणारा यांचा संबंध कोठे आला?

‘डिंगी’ चारही कसोट्यांना उतरते. होडी बंगालची, इंग्रजी दाखला १८१० चा, साक्षीदार बंगाली व हिंदी, आणि संबंध हुगळीच्या बंदरात.

‘कॅटामरान’ हाही शब्द असाच पक्का आहे. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड. ओंडके दोरीने बांधून केलेला कोळ्यांचा तराफा म्हणजे ‘कट्टुमरम’. सतराव्या शतकातच तो शब्द इंग्रजीत गेला. पुढे मात्र अर्थ पालटला. आज कॅटामरान म्हटले की शेजारी शेजारी दोन सांगाडे जोडलेली आधुनिक बोट समजतात. याचे आश्चर्य वाटू नये. ‘चप्पू’ म्हणजे हिंदीत वल्हे. आपल्या गोदाकाठी मात्र थर्माकोलच्या तराफ्यालाच चप्पू म्हणतात. वल्ह्याचे नाव होडीला लागले. शब्द जागा बदलतो तसा कामही बदलतो.

‘ग्रॅब’ हा तिसरा. अरबीत ‘गुराब’ म्हणजे कावळा, आणि एका प्रकारच्या जहाजालाही तेच नाव. शिवाजी महाराजांच्या व पुढे आंग्रे यांच्या आरमारात गुराबा आणि गलबते ही दोन नावे नेहमी जोडीने येतात. इंग्रजांनी गुराबेचे ‘ग्रॅब’ केले. मूळ पक्के, दाखले भरपूर. पण आज इंग्रजीत हे नाव फक्त इतिहासाच्या पुस्तकात उरले आहे.

चौथा ‘ढाऊ’. येथे मात्र थांबावे लागते. निकितीनचा ‘तावा’ आहे, शब्द अरबी समुद्राच्या काठांवर फिरलेला आहे, तरी त्याची मूळ भाषा कोणती यावर अभ्यासकांचे एकमत नाही. गंमत अशी की, ज्यांची जहाजे आपण ‘ढाऊ’ समजतो ते अरब स्वतः हा शब्द सहसा वापरीत नाहीत. ते ‘सम्बूक’, ‘बूम’, ‘बगला’ अशी प्रत्येक प्रकाराची वेगळी नावे घेतात. ज्याला वस्तूची जाण असते तो प्रकारवार नाव घेतो, ज्याला नसते तो सर्वांना एकच नाव देतो. कापडाच्या दुकानात शिरलेले नवखे गिऱ्हाईक प्रत्येक तलम कापडाला ‘मलमल’ म्हणते, तसेच हे.

फसव्या नाण्यापासून सावध

येथे एक इशारा देणे आम्हांला आवश्यक वाटते. दोन शब्द सारखे दिसले म्हणजे ते एकमेकांपासून निघाले असे नव्हे. आपल्या मराठीत ‘नाव’ म्हणजे होडीही आहे आणि ‘नाव’ म्हणजे माणसाचे नाम असाही अर्थ आहे. लिहायला सारखे, बोलायला सारखे, तरी एक आले ‘नौ’पासून आणि दुसरे ‘नामन्‌’पासून. दोन वेगळी घराणी. इंग्रजीतील ‘नेव्ही’ आणि आपली ‘नाव’ यांचे नाते खरे आहे, पण ते देण्याघेण्याचे नव्हे. ते एकाच अतिप्राचीन मूळपुरुषाचे दूरचे वंशज आहेत. इंग्रजांनी तो शब्द आपल्याकडून नेला, असे म्हणणे खोटे बिल फाडण्यासारखे होईल.

काही मंडळींना प्रत्येक शब्द आपलाच असे सांगण्याची हौस असते. त्यात आपलेच नुकसान आहे. एक खोटे नाणे सापडले की सारी थैली संशयास्पद होते. जे पक्के आहे ते पक्के म्हणावे, जे संशयाचे आहे ते संशयाच्या खाती टाकावे. आणि जे आपण दुसऱ्याकडून घेतले तेही कबूल करावे. आपल्या वहीतील जमा, खर्च, बाकी, हिशेब, तारीख, वसूल, नफा, नुकसान हे शब्द अरबी-फारसीतून आले. ‘बंदर’ फारसी. कोळ्यांचा ‘नाखवा’ हा फारसी ‘नाखुदा’. ‘सुकाणू’चे मूळ अरबी ‘सुक्कान’, आणि त्याच सुक्कानावरून सुकाणू धरणाऱ्याला जुने इंग्रज ‘सीकनी’ म्हणत. इंग्रजी ‘लास्कर’ हा आपल्या ‘लष्कर’चा भाऊ, तर ‘सेरांग’ म्हणजे फारसी ‘सरहंग’. समुद्रावर आणि बाजारात कोणाचीच भाषा सोवळी राहत नाही, आणि राहिली असती तर व्यापारच झाला नसता.

कोणता शब्द टिकतो?

गुराब मोठी, तोफा वाहणारी, दरारा असलेली. डिंगी लहान, दोन माणसांची, जिला कोणी सलाम करीत नसे. तरीही गुराब बुडाली आणि डिंगी तरली. असे का व्हावे?

कारण स्पष्ट आहे. गुराब एका किनाऱ्याच्या, एका काळाच्या लढाईचे साधन होती. वाफेची जहाजे आली, लढाईची रीत बदलली, गुराबेचे काम संपले आणि कामाबरोबर नावही संपले. डिंगीचे काम मात्र संपले नाही. जहाज शिडाचे असो, वाफेचे असो की डिझेलचे, काठापर्यंत जायला लहान होडी लागतेच. लाकूड जाऊन रबर आले तरी गरज तीच राहिली. जो शब्द रोजच्या गरजेला बांधलेला असतो, तो टिकतो.

मुंबईच्या डोंगरीचे उदाहरण घ्या. तेथल्या बाजारात जे जाडेभरडे, स्वस्त कापड विकले जाई ते ‘डोंगरी’. त्यावरून इंग्रजीत ‘डंगरी’ हा शब्द झाला आणि कामगारांच्या पोशाखाला जगभर तेच नाव पडले. रेशमी कापडांची किती तरी नावे विसरली गेली, पण मजुराच्या कापडाचे नाव राहिले. आमच्या कारागीर बांधवांनी यातून उमेद घ्यावी. आपला माल साधा आहे म्हणून त्याचे नाव क्षुल्लक, असे मानू नये.

नावाला आज किंमत आहे

इतका वेळ आम्ही जुन्या गोष्टी सांगितल्या. आता रोकड्या व्यवहाराकडे येऊ. पूर्वी वस्तूचे नाव कोणीही उचलावे आणि वापरावे असे होते. बंगालच्या कोळ्याला ‘डिंगी’ या नावाचा एक पैसाही मिळाला नाही आणि मागण्याची सोयही नव्हती. आज काही बाबतीत सोय आहे. भारतात भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ साली झाला आणि २००३ पासून अमलात आला. एखाद्या गावाच्या किंवा मुलखाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालाला या कायद्याखाली नोंदणी मिळते. येवल्याच्या पैठणीला ती मिळाली आहे, कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मिळाली. नोंदणी झालेल्या मालाचा उत्पादक स्वतःला अधिकृत वापरकर्ता म्हणूनही नोंदवू शकतो. ही गोष्ट पुष्कळ कारागिरांना माहीत नसते.

याचा उपयोग काय, हे २०२५ साली दिसले. त्या वर्षी जून महिन्यात इटलीतील एका बड्या कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या. कोल्हापूरचे नाव घेतले नव्हते. महाराष्ट्रातून ओरड झाली, आणि कंपनीला त्या चपलांचे मूळ भारतातील कारागिरीत असल्याचे मान्य करावे लागले. ओरडीला वजन आले, कारण नाव आधीच दप्तरी नोंदलेले होते. नुसता ‘हे आमचे आहे’ असा आवाज असता तर तो समुद्र ओलांडून गेला असता की नाही, याची शंकाच आहे.

प्रत्येक मालाला अशी नोंदणी मिळणार नाही, हे आम्ही जाणतो. ‘डिंगी’सारखा शब्द आता साऱ्या जगाचा झाला, तो परत मागण्यात अर्थ नाही. पण नोंद ठेवण्याची सवय आपल्या हाती आहे. लेखी दाखला नसेल तर उद्या नोंदणीच्या वेळी आपण काय दाखविणार?

या आठवड्याचा अभ्यास

वाचकहो, केवळ वाचून धडा पुरा होत नाही. म्हणून आम्ही एक लहानसे काम सुचवितो. एक साधी वही घ्या. तिच्यात पाच रकाने आखा. पहिल्या रकान्यात आपल्या कारखान्यातील किंवा दुकानातील हत्याराचे अथवा मालाचे नाव, जसे आपल्या घरी बोलतात तसे, लिहा. दुसऱ्यात त्याचे काम. तिसऱ्यात तो शब्द कोणाकडून ऐकला, वडिलांकडून, उस्तादांकडून की बाजारातून. चौथ्यात दुसऱ्या गावी त्याच वस्तूला काय म्हणतात. पाचव्यात बिलावर किंवा कंपनीच्या कागदावर तिला काय नाव आहे. मोची गल्लीतील कारागिराने आपली हत्यारे लिहावी, पिंजाऱ्याने आपली, लोहाराने आपली, मासळीवाल्याने जाळ्यांचे प्रकार लिहावे. रोज दोन शब्द लिहिले तर महिन्यात साठ होतील.

घरातील वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर हे काम करावे. त्यांना विचारायला बसले की त्यांनाही बरे वाटते. जे शब्द त्यांच्याबरोबर जातील ते मागाहून कोणत्याही कोशात सापडणार नाहीत, कारण ते कोणी लिहिलेलेच नाहीत. आणि तारीख घालायला विसरू नये. तारखेवाचून नोंद म्हणजे सहीवाचून पावती.

आता आमच्या शेवगावच्या व्यापारी बांधवांकडे परत येऊ. आम्ही त्यांना एवढेच सांगितले की, नावावर जाऊ नका, मालावर जा. कापड कोणते, थर किती, हवेचे कप्पे किती, एक फुटला तर बाकीचे तरंगत ठेवतील काय, किती वजन पेलते, ठिगळ येथे लावता येते की मुंबईला पाठवावे लागते, जीवरक्षक जाकिटे बरोबर आहेत काय, हे विचारा. आठ दिवसांनी ते पुन्हा आले. विक्रेत्याच्या माणसाला त्यांनी हे सारे प्रश्न विचारले होते, आणि शेवटी हेही सांगितले होते की, डिंगी हा शब्द विलायती नाही. तो माणूस हसला आणि भावाच्या गोष्टीला बसला.

होडी अजून घेतलेली नाही. दुसऱ्या दोन ठिकाणचे दरपत्रक यायचे आहे. तोवर जाळी चप्पूवरूनच पडत आहेत. मात्र या गृहस्थांनी एक वही सुरू केली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्यांनी ‘चप्पू’ हा शब्द लिहिला, त्यापुढे अर्थ लिहिला आणि खाली तारीख घातली.